बुधवार, शुक्रवार, रविवार

आमच्या माहेरी माणूस ओळखायचा तो टाचेवरून. टाचेपासून वर पोटरीकडे जाणारी जी जाड शीर असते ना, ती आमच्या घरातल्या पुरुषांची होडीच्या दोरासारखी. चिमटीत धरायला गेलं तर मावायची नाही. बाबांची तशी, काकांची तशी, माझ्या मोठ्या भावाची, म्हणजे दादाची, तशीच. आई सांगायची, खाडीच्या चिखलातून होड्या रेटून रेटून ही टाच झालीय, ही काय दुकानात मिळत नाय. डोंबिवलीजवळ कोपर गावाच्या बाजूला खाडीकाठी आमची जुनी वस्ती. घरातलं पोर चालायला लागलं की म्हातारी माणसं त्याला पालथं घालून टाच दाबून बघायची आणि खूश व्हायची.

माझी टाच बारीक. आईवर गेलेली. त्यावरून दादाने मला लहानपणी किती रडवलं, काही विचारू नका. "तू आमची नाहीसच. रेतीच्या होडीवाल्याला दोन बोईट दिले आणि तुला घेतली." बोईट म्हणजे खाडीतला अगदी साधा मासा. जिताडा दिला म्हणाला असता तरी एक वेळ मान राहिला असता! मी चिडून त्याच्या अंगावर धावून जायचे. मग एकटी असले की घरामागच्या चिखलात उड्या मारायचे, दगडाने टाच घासत बसायचे. ती मेली काही जाड झाली नाही.

आज मी पंचावन्नची आहे, आणि धडधाकट आहे ती त्या बारीक टाचेमुळे. हे कळायला फार वर्षं गेली, आणि कळून कोणाचंच भलं झालं नाही.

बाबा गेले तेव्हा मी नववीत होते. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस, अंगावर चरबी शोधून सापडली नसती. दुपारी ओट्यावर जाळं शिवत बसलेले. छातीत गॅस धरलाय म्हणाले. आई ओवा आणि गरम पाणी घेऊन येईपर्यंत बसल्या जागी मागे कलंडले. वस्तीत कोणी म्हणालं, करणी केली. कोणी म्हणालं, खाडीत काहीतरी दिसलं असणार. तीन वर्षांनी काका गेले, तेही तसेच, गॅस म्हणता म्हणता. तेव्हाही त्यांच्या टाचांकडे कोणी बघितलं नाही. बघून तरी काय करणार होते म्हणा.

बाबा गेले तेव्हा दादा एकोणीस वर्षांचा होता. कॉलेज सोडून त्याने डोंबिवलीतल्या एका सोसायटीत पंप आणि लिफ्ट सांभाळायची नोकरी धरली. सुट्टीच्या दिवशी खाडीत पाग, म्हणजे हाताने फेकायचं जाळं, टाकायचा. मला म्हणाला, "तू शीक. तुझ्या टाचेने होडी काय हलायची नाही." म्हणजे टोमणाच. पण मला लॅब टेक्निशियन केलं ते त्यानेच. लग्न होऊन मी ठाण्याला वर्तकनगरला गेले, तिथेच एका लॅबमध्ये लागले, आणि गेली तीस वर्षं लोकांच्या दंडाला पट्टा बांधून रक्त काढतेय.

मला एक वाईट खोड आहे. समजावून सांगायची. आमच्या लॅबच्या डॉक्टरीणबाई शंभरदा म्हणाल्या असतील, रिपोर्ट द्या आणि गप्प बसा, बाकीचं त्यांचा डॉक्टर बघेल. पण गप्प बसेन तर मी कसली! काउंटरपलीकडचा माणूस रिपोर्टचा कागद उलटासुलटा करायला लागला की माझी जीभ सुटलीच. आणि कोलेस्टेरॉल म्हणजे तर काय, सगळ्यांना त्यातलं सगळं कळतं. जाड माणसालाच होतं म्हणे. तूप खाल्लं की होतं, दुधी खाल्ला की उतरतं. टेस्टच्या आधी आठवडाभर उकडलेलं खाऊन येणारी माणसं मी किती बघितलीत. रिपोर्ट चांगला यावा म्हणून! अरे, तो काय शाळेचा दाखला आहे? तुझ्या नळ्यांत काय साचलंय ते त्या कागदाला माहीत असतं का? अशी मी झापायची त्यांना. लोकांना आवडायचं. "ताई छान समजावतात," म्हणायचे. मलाही ते आवडायचं, कशाला खोटं बोलू.

आठ वर्षांपूर्वी आमच्या लॅबने वस्तीतल्या देवळाच्या हॉलमध्ये तपासणीचं शिबिर ठेवलं. मीच मागे लागून ठेवायला लावलेलं. दादा तेव्हा बावन्नचा. बाबांचं वय ओलांडलं, काकांचंही ओलांडलं, म्हणून वहिनीने सत्यनारायण घातलेला. सगळ्यांना वाटत होतं, सुटला. शिबिरात तो उगाच माझी थट्टा करायला म्हणून खुर्चीत बसला. "घे गं, रेतीवाल्याची पोर, घे रक्त." मी घेतलं. नळीत रक्त खाली बसल्यावर वरचं पाणी किती स्वच्छ, पिवळंधमक. डोळ्यांनी बघून कोणाला काही कळलं नसतं. मशीनने कोलेस्टेरॉलचा आकडा दिला तो साडेतीनशेच्या पुढे. मला वाटलं, मशीन बिघडलं. परत लावला नमुना. तोच आकडा.

त्याला ओढत डॉक्टरकडे नेलं. डोंबिवलीतला साधा, भला फिजिशियन. ईसीजी झाला, पट्ट्यावर चालवून झालं. चिठ्ठीवर एक गोळी आली. रोज एक, जेवणानंतर, जन्मभर.

"जन्मभर?" दादा घरी येऊन म्हणाला. "मला काय झालंय? मी घेणार नाय."

तो रविवार होता, एवढं पक्कं आठवतं, कारण वहिनीने चिंबोऱ्या केलेल्या. सकाळी त्यानेच खाडीतून आणलेल्या. मी समोर बसून सुरुवात केली ती खरीच केली. म्हटलं, अरे दादा, हे आपलं लिव्हर स्वतःच बनवतं, आणि ते रक्तातून उचलायचं कामही लिव्हरचंच असतं. एखाद्याचं लिव्हर ते उचलायला कमी पडतं. पुढे सांगणार होते, पण त्याचं तोंड बघितलं. तो चिंबोरीचा डेंगा, म्हणजे नांगी, फोडत होता. लिव्हर-बिव्हर त्याच्या डोक्यावरून गेलेलं. "म्हणजे माझ्याच शरीराने बनवलेलं ना?" म्हणाला. "मग असू दे. घरचंच आहे."

आता चिडू नको तर काय करू? माझ्या डोळ्यांसमोर बाबा ओट्यावर कलंडलेले. मी त्याच्या ताटाकडे बोट केलं. ताटात रश्श्याचा तवंग, बोटांना तेल, कडेला चिंबोरीची लालभडक गाबोळी. "हे दिसतंय ना? हे पोटात गेलं की तुझ्या नळ्यांना असंच चिकटून बसतं. ती गोळी म्हणजे साबण. खाल्लंस की धुवायचं. खायचं सोडायचं नसेल तर गोळी घे. एवढं सोपं आहे."

त्याने ताटाकडे बघितलं, बोटांकडे बघितलं. पटलं त्याला! सोसायटीच्या टाक्या धुणारा माणूस तो, पाइपात काय साचतं ते त्याने हाताने काढलेलं. "असं सांग की सरळ," म्हणाला. "उगाच लिव्हर काय, अमुक काय." उठून हात धुतले आणि माझ्यासमोर पहिली गोळी घेतली.

मला काय आनंद झाला होता. घरी जाताना नवऱ्याला फोन करून सांगितलं, दादाला पटवला मी, दोन मिनिटांत.

मी शिकलेली बाई. मला माहीत होतं की त्याचा आकडा चिंबोरीचा नव्हता. घरात तेच अन्न वहिनीही खात होती, तिचा रिपोर्ट अगदी व्यवस्थित. माझाही व्यवस्थित. मला तेव्हाच कळायला हवं होतं की हे ताटातलं नाही, रक्तातलं आहे, बाबांकडून आलेलं आहे. कदाचित कळलंही असेल. पण सोपं सांगितलं की माणूस ऐकतो, ही माझी इतक्या वर्षांची ऐट होती.

त्यानंतर सहा वर्षं दादाने ती गोळी घेतली. वस्तीत सांगायचा, माझी बहीण डॉक्टरपेक्षा भारी आहे. आकडा उतरला, पण पाहिजे तेवढा नाही. डॉक्टरांनी डोस वाढवला. थोडा आणखी उतरला. पुन्हा वाढवला. डॉक्टर विचारायचे, गोळी चालू आहे ना? हा म्हणायचा, चालू आहे. मग राग काढायला कोण? मी होतेच. प्रत्येक रिपोर्टला मी त्याला फाडून खायची. "किती हादडतोस! मासळी कमी कर जरा." तो मान खाली घालून ऐकायचा. मला उलट बोलायचा नाही, लहानपणी एवढा छळवादी असलेला माणूस. आणि खरंच कमी करायचा. श्रावण पहिल्यापासून पाळायचाच. मग त्याने नवरात्र धरलं. मग अख्खा मार्गशीर्ष. मी म्हणायची, शहाणा झाला माझा भाऊ.

एकदा श्रावणात त्याच्या घरी रंगकाम काढलेलं, तर तो आठ दिवस माझ्याकडे वर्तकनगरला राहायला आलेला. सकाळी साबुदाण्याचे वडे, संध्याकाळी बटाट्याचा कीस, मध्ये वेफर्स. उपास कसला, तेलाची आंघोळच. मी करून घालत होते, कौतुकाने. त्या आठ दिवसांत त्याच्या हातात गोळीची पट्टी एकदाही दिसली नाही. बॅगेत असेल, म्हटलं. विचारलं नाही. सगळ्या ठाण्याला जाब विचारणारी बाई मी, आणि घरात राहिलेल्या भावाला एवढं विचारलं नाही.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. श्रावण संपून दोन-तीन दिवस झालेले, गणपती तोंडावर. मंगळवार होता. दादा हॉलमध्ये मखर लावत होता. वहिनी सांगते, स्टुलावरून खाली उतरला आणि म्हणाला, गॅस धरलाय. सोडा प्यायला, ओवा चावला. डावा हात चोळत परत स्टुलावर चढला. आमच्या घरात गॅस म्हटल्यावर वहिनीने आपल्या पोराला ऑफिसमधून बोलावून घ्यायला हवं होतं, पण तीही आमच्यातलीच झालेली. दोन तास गेले. मग घामाने शर्ट भिजला तेव्हा पोरगा आला आणि रिक्षात घालून हॉस्पिटलला नेलं.

मी ठाण्याहून पोचले तेव्हा तो कॅज्युअल्टीत पडलेला, नाकात ऑक्सिजनची नळी. माझा भाचा इंजेक्शनं आणायला खाली गेलेला. वहिनी पायथ्याशी उभी. ड्युटीवर एक तरुण डॉक्टर होती, माझ्या मुलीच्या वयाची. तिने त्याच्या डोळ्यांत बॅटरी मारली, मग काय वाटलं कोण जाणे, पायावरची चादर बाजूला केली आणि त्याची टाच चिमटीत धरली.

"हे कधीपासून आहे?"

"खानदानी आहे," दादा म्हणाला. त्या अवस्थेतही!

"घरात कोणी लहान वयात हार्टने गेलंय?"

"बाबा. काका."

तिने मान हलवली. टाचेतली ती जाड शीर, ती चिखलाने झालेली नव्हती. तिथे कोलेस्टेरॉल साचलेलं. पुस्तकात मी ते वाचलेलं होतं, फोटोही बघितलेला. आणि जन्मापासून त्या टाचा माझ्यासमोर चालत होत्या.

"कोलेस्टेरॉलची गोळी घेता ना? रोज?"

"घेतो तर," दादा म्हणाला. दम लागत होता, पण आवाजात ऐट होती. "बुधवार, शुक्रवार, रविवार. सहा वर्षांत एक रविवार चुकवला असेल तर शपथ."

डॉक्टरने विचारलं, "बाकीच्या दिवशी?"

"बाकीच्या दिवशी वार असतात. आम्ही खात नाय ना. सोमवार, मंगळवार, गुरुवार, शनिवार वशाट बंद. श्रावणात तर महिनाभर बंद. मासळी खाल्ली त्या दिवशी गोळी. नाय खाल्ली तर धुवायचं काय?"

"असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

त्याने हात उचलायचा प्रयत्न केला आणि माझ्याकडे बोट केलं. "ही माझी बहीण. लॅबमध्ये असते."

डॉक्टरने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. वहिनीनेही बघितलं. आणि दादा माझ्याकडे बघत होता, शाळेत पाढे बरोबर म्हणून दाखवल्यावर पोर जसं बघतं तसं.

मला सगळं एका दमात कळलं. मी ओरडायची आणि तो आणखी एक उपास धरायचा. उपास धरला की गोळी गेली. डॉक्टर डोस वाढवत होते, मी शिव्या घालत होते, आणि तो माझं ऐकत होता. माझं एवढं तंतोतंत आयुष्यात दुसऱ्या कोणी ऐकलं नाही.

बुधवारी आयसीयूत मला पाच मिनिटं सोडलं. तो थकलेला होता, पण शुद्धीत होता. मला जवळ बोलावून म्हणाला, "श्रावण संपला ना गं? आज बुधवार. माझी गोळी दिली का विचार त्यांना." मी म्हटलं, दिली. मग म्हणाला, "मी बरोबर घेतली ना? ती डॉक्टरीण कशीतरीच बघत होती."

मी म्हटलं, "एकदम बरोबर घेतलीस."

गुरुवारी सकाळी तो गेला. अठ्ठावन्न वर्षांचा.

कॅज्युअल्टीतल्या त्या तरुण डॉक्टरला मी नंतर गाठलं. विचारलं, रोज घेतली असती तर वाचला असता का? ती म्हणाली, तसं खात्रीने नाही सांगता येणार, जन्मापासून साचत आलेलं होतं, गोळी उशिराच सुरू झाली. रोज घेतली असती तर शक्यता बरी होती. मग म्हणाली, "ते सोडा आता. त्यांना मुलं आहेत का? सगळ्यांचं रक्त तपासून घ्या. हे बापाकडून येतं. यायची शक्यता पन्नास टक्के."

एकच मुलगा दादाला. माझा भाचा, तेव्हा सत्तावीस वर्षांचा, ऐरोलीला एसीत बसून कॉम्प्युटरवर काम करणारा. होडीला त्याने आयुष्यात हात लावलेला नाही. दहाव्याला तो खाडीच्या काठावर पिंडासमोर उकिडवा बसला, अनवाणी, आणि मी बरोबर मागे उभी होते. कावळा शिवायची सगळे वाट बघत होते. मी त्याच्या टाचा बघत होते. बापाच्याच टाचा.

तेरावं झाल्यावर मीच त्याचं रक्त घेतलं. आकडा बापापेक्षा थोडा कमी, एवढाच दिलासा.

या वेळी मी एक शब्द सोपा केला नाही. त्याला समोर बसवलं, कागदावर चित्र काढलं. हे लिव्हर, हे रक्त, हे उचलायचं काम, ते तुझ्यात जन्मापासून कमी. खाण्याने थोडा फरक पडतो, फार नाही. मासळी खा, नको खाऊस, गोळी रोज. वार नाही, श्रावण नाही, सण नाही. रोज. वय लहान आहे, आत्ता धरलीस तर तुझं वेगळं होऊ शकतं. शिकलेला पोरगा, सगळं नीट ऐकत होता.

"म्हणजे बाबांनी पथ्य पाळलं ते सगळं फुकट?"

"जवळजवळ."

"आणि गोळीही घेतली की त्यांनी. सहा वर्षं. तू सांगितलीस म्हणून." खांदे उडवून म्हणाला, "मग काय उपयोग झाला आत्या? जन्माचंच आहे ना? जे व्हायचं ते होणारच."

इथे मी बोलायला हवं होतं. तो कॅज्युअल्टीत नव्हता, त्याला माहीत नव्हतं. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं की तुझ्या बापाने गोळी घेतली नाही रे, आठवड्यातून तीनदा घेतली, आणि ती माझ्या जिभेमुळे. तोंडापर्यंत आलं. मग त्याच्या हातातला कागद बघितला, भिंतीवरचा दादाचा हार घातलेला फोटो बघितला, आणि म्हटलं, "विचार कर. मी परत येईन." पळून आले मी. सरळ सांगायचं तर पळून आले.

तीन आठवडे मला अन्न गोड लागलं नाही. लॅबमध्ये नळ्यांवर लेबलं चुकायला लागली. नवरा म्हणाला, आता तोंड उघडलं नाहीस तर त्या पोराचंही तुझ्या माथी येईल. शेवटी एका रविवारी गेले. भाचा गॅलरीत उभा होता, खाली भरतीचं पाणी चढत होतं, काळं, फेसाचं. आता त्या पाण्यातलं कोणी खात नाही. मी सगळं सांगितलं. चिंबोरी, साबण, वार, श्रावण, आयसीयूतली माझी थापही सांगितली. म्हटलं, "गोळीचा दोष नाही रे. माझा आहे. म्हणून तू घे."

त्याने कठड्यावर वाळत घातलेला टॉवेल काढून घडी केली.

"आईने सांगितलंय मला," म्हणाला. "बाबा गेले त्याच दिवशी."

"मग?"

"मग काय आत्या. तू सांगितलंस, त्यांनी ऐकलं. इतकं ऐकलं की गेले. आता तू मला परत तेच सांगायला आलीस, वेगळं करून." आवाज चढवला नाही त्याने. चढवला असता तर मीही चढवला असता, भांडलो असतो, भांडण आम्हाला जमतं. "मी कुठलं खरं धरू?"

डॉक्टरकडे चल, म्हटलं. त्यांच्या तोंडून ऐक. "बघतो," म्हणाला. दोन वर्षं तो बघतोच आहे. मी दुसऱ्या डॉक्टरची वेळ घेतली, तो आला नाही. गोळ्यांची पाकिटं नेऊन दिली, ती टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये तशीच आहेत. वहिनीला हात जोडले. ती भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "त्याच्या मागे लागू नका वन्स. एकाला समजावलंत तेवढं पुरे झालं." खोटं कुठे बोलली?

लॅबमध्ये मी आता कोणाला काही समजावत नाही. कागद देते. विचारलं तर म्हणते, डॉक्टरांना विचारा. जुनी गिऱ्हाइकं म्हणतात, ताई बदलल्या. डॉक्टरीणबाई खूश आहेत.

मधल्या काळात भाच्याचं लग्न झालं, आणि गेल्या महिन्यात त्याच्या मुलीचं बारसं झालं. मला बोलावलं, आत्या म्हणून बोलवावंच लागतं. पाळणा सजवलेला, बायका गाणी म्हणत होत्या. भाचा गडबडीत होता, बर्फीची ताटं उचलून जिना चढ-उतर करत होता, आणि प्रत्येक पायरीला त्याच्या टाचा माझ्या डोळ्यांसमोर वर जात होत्या. वहिनीने बाळाला मांडीवर पालथं घातलं. इवलासा पाय दोन बोटांत धरला आणि कितीतरी दिवसांनी हसली. "बघा बघा, खानदानी टाच! आजोबांची आहे." बायका पुढे झुकून बघायला लागल्या. दाबून बघत होत्या, कौतुक करत होत्या.

एवढ्याशा बाळाच्या टाचेवरून काही कळत नसतं, हे मला माहीत आहे. रक्त तपासायला हवं, तेही आणखी थोडी मोठी झाल्यावर. पण ते आता या घरात कोण कोणाला सांगणार?

वहिनीने बाळाला माझ्या हातात दिलं. मी तिचा पाय माझ्या तळहातावर घेतला. एवढासा, मऊ. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "नाही गं बाई, ही आपली नाहीच. हिला रेतीच्या होडीतून आणलीय. हो की नाही गं? दोन बोईट दिले आणि तुला घेतली."

कोणी हसलं नाही. वहिनीचा चेहरा उतरला. "आजच्या दिवशी काय अभद्र बोलता," म्हणाली, आणि बाळाला माझ्या हातातून काढून घेतलं.